कळपातून ओढलेली डिस्क

शेळगाव, ता. इंदापूर
अधिक महिना तोंडावर आला असता

आमच्या घरचे थोरले जावई (धाकटे कोणी नाहीत, तरी आपण थोरलेच) श्री. रविराजराव यांस, सासरे रामहरी यांचा आशीर्वाद, आणि जावई म्हणून वर नमस्कारही.

इकडे माणसं, म्हशी आणि ऊस बरे आहेत. आपली प्रकृती, आपल्या मातोश्रींचे गुडघे आणि आमच्या लेकीचा, चि. सौ. छकुलीचा, राग हे तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. आपण म्हणाल, मामांनी फोन का नाही केला. फोन छकुली उचलते, आणि ही हकीकत तिच्या कानावर घालण्यासारखी नाही. शिवाय यात मागणं काहीच नाही. नुसतं कळावं म्हणून लिहितो आहे.

गेल्या दिवाळीत आपण माजघरातल्या कपाटात जी कॉम्प्युटरची पेटी बसवून दिलीत (जावयाला कामाला लावलं म्हणून आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही) ती भरली. दोन डिस्क मिळून सगळ्या घराचा एकच साठा, यात फोटो आणि लग्नाच्या फिती जन्मभर मावतील, असं आपण म्हणाला होतात. मावल्याही असत्या. पण धाकटे बंधू जोतीराम यांनी गोठ्यात कॅमेरा लावला आणि तो याच पेटीला जोडला. त्यामुळे आमच्या म्हशींनी दिवाळीपासून केलेलं सगळं रवंथ पेटीत जमा आहे. चोर एकदाही आलेला नाही. मी म्हटलं, हे पुसून टाक. तर म्हणाला, पुरावा पुसत नसतात. शेवटी साठाच वाढवायचा ठरलं आणि जोतीरामने बारामतीहून नवी डिस्क आणली.

आता आपल्याला विचारणं सरळ होतं. पण जावयाकडून एकदा करून घेतलं तेवढं पुरे, असा आईचा हुकूम पडला. आणि दिवाळीत आपण मला सगळं समजावलं होतंच. मी ते आमच्या पद्धतीने ध्यानात ठेवलं होतं. आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या काळात घरात मेंढरं होती. नवी मेंढी आणली की आधी तिच्या कानाला आपली खूण करायची, मग कळपात सोडायची, मग कळपाला चरायला जादा रान धरायचं. डिस्कचंही तेच. पहिलं बटण दाबून तिच्यावर खूण केली, दुसऱ्याने ती साठ्यात सोडली, तिसऱ्याने साठ्याला रान वाढवून दिलं. त्याआधी आईने डिस्कला हळदकुंकू लावलं. नारळ ती पेटीवरच फोडणार होती, मी तो उंबऱ्याकडे वळवला. चौथं काहीतरी आपण दिवाळीत सांगत होतात, पण तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली, आणि जावयाचं पान निवत ठेवून विद्या घेणं आमच्यात बसत नाही. ते चौथं राहिलं ते राहिलंच.

परिणाम असा, की जागा होती तेवढीच दिसत राहिली. जोतीराम म्हणाला, माझी डिस्क कुठे आहे. मी म्हटलं, कळपात. तो म्हणाला, मग दिसत का नाही. मी म्हटलं, कळपात गेल्यावर एकटी कशी दिसेल. यावर तो जे बोलला ते माझ्या जिव्हारी लागलं.

“दादा, बांधाचं बी तू असंच केलंस. सामाईक हाय म्हनायचं आन् गिळायचं.”

कळपातली आपली मेंढी हवी तेव्हा कान धरून बाहेर काढता येते, हा आमच्या घराण्याचा जुना कायदा. जोतीरामने तो पेटीला लावला. हळदकुंकवावरून आपली डिस्क ओळखली, उपसली आणि स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. मला वाटलं, ती तर कोरी आहे, तिच्यात कोणाचं काही गेलेलं नाही, बाकीचं शाबूत असेल. पण साठ्याने तिला एकदा आपली मानली होती. एक उठून गेल्यावर उरलेल्या दोघींनीही तोंड उघडलं नाही. मेंढरं असं करत नाहीत. (भाऊ करतात.) माजघरातल्या पेटीच्या कपाटाचं दार मी तेव्हापासून रागाने उघडलेलं नाही.

फोटो आणि म्हशी गेल्याचं मला दुःख नाही. पण त्यात आपल्या लग्नाची फीत होती, आणि ‘पेटीत सुरक्षित राहील’ म्हणून आपण आपल्याकडचीही तिथेच ठेवली होती (हा ठपका नाही, आठवण आहे). त्या फितीत पंगत बसली असताना आप्पा वाढप्याला थांबवून विचारतात, “भामाला वाढलं का?” सगळ्या संसारात आप्पांनी आईचं नाव चारचौघांत घेतलं ते एवढ्या एकदाच, आणि तिच्या जेवणाची चौकशी केली तीही तेवढीच. आप्पा गेल्यापासून आई रोज दुपारी टीव्हीवर तेवढाच तुकडा लावते, “वाढलं, वाढलं, तुमी जेवा,” असं टीव्हीला सांगते आणि मग ताटावर बसते. पेटी मुकी झाली आणि तिने दुपारचं जेवण सोडलं. रुसवा नाही, काही नाही. विचारलं तर म्हणाली, “आजून कुनी इचारलं न्हाय.” आम्ही घरभर दुसरं काही विचारतच नव्हतो, पण ते तिच्या लेखी धरलं जात नव्हतं.

शेवटी उपाय मीच काढला. उसाला पाणी देऊन आलो की मी माजघराच्या दाराआड उभा राहतो आणि आप्पांसारखा घसा खाकरून तेच विचारतो. पहिल्या दिवशी आई म्हणाली, रामा, दाराआड काय करतोस. पण मी नेट सोडला नाही, आणि एका दुपारी ती “वाढलं, वाढलं” म्हणाली आणि जेवली. तेव्हापासून रोज जेवते. आवाज बेमालूम जमला आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या सौ. कौसल्या यांचं तसं नाही, पण त्या माहेरच्या वडगाव निंबाळकरच्या, नवऱ्याला चांगलं म्हणायचं वळण त्यांना लागलेलं नाही.

तेव्हा पेटीवाचून इकडे काही अडलेलं नाही. जोतीराम आणि मी बोलत नाही, पण कामं थांबलेली नाहीत. हे पाकीट मी त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवीन. लोणी देवकरला कारखान्यात जाताना तो ते टपालात टाकेल.

आपला,
रामहरी

ता. क. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला जोडीने यावे. रीत आहे म्हणून बोलावतो, दुसरा हेतू नाही. आल्यावर आपण त्या कपाटाकडे ढुंकूनही पाहू नये.

ता. क. दुसरा. पाहिलंच, तर ते चौथं काय होतं ते जेवणाआधी सांगावं. आणि जोतीरामकडून डिस्क आपणच मागावी. धोंड्याला आलेल्या जावयाला नाही म्हणायची छाती आमच्या घरात कोणाला नाही. माझ्या एका घशावर आईचं जेवण किती दिवस चालणार? कालपासून मला सर्दी आहे. नक्की या.

ता. क. तिसरा. अक्षर बदललेलं पाहून ओळखलं असेल, मी जोतीराम. पाकीट फोडलं, घरचंच आहे. डिस्क मी मागेच परत लावली. आई जेवत नाही म्हटल्यावर कुलूप कोणासाठी ठेवायचं? दादा उसाच्या पाण्यावर होता तेव्हा बसवली, पेटी उघडली, आप्पा बोलले, आई जेवली. दादा नेमका त्यानंतर आला आणि दाराआडून बोलला, आणि आईने त्यालाही उत्तर दिलं. मी त्याला खरं सांगायला उठलो, तर आईने हाताला धरून खाली बसवलं. म्हणाली, “नगं सांगू. त्यो आक्षी बापावानी इचारतोय, बोलू दे त्याला.”

तेव्हापासून ती दुपारी दोनदा जेवते, आधी आप्पांच्या शब्दावर, मग दादाच्या. डॉक्टरांनी तिला बेतानं खायला सांगितलं आहे, म्हणून धोंड्याला जरूर या, पेटी आपण सुरू केली म्हणजे दादाला वेगळं विचारावं लागणार नाही, आणि ते चौथं करून जागा वाढवा. गोठ्यातला कॅमेरा काढून मी माजघराच्या दाराआड लावला आहे. दादा विचारतो ते रोजचं साठवतोय. जागा नाहीच झाली, तर म्हशी मी पुसतो.