बाबांचा रस्ता

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही दोन वाक्यांत माझी बोळवण करता आणि फोन आईकडे देता. पत्र मात्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आमच्या नगररचना विभागात सध्या एआयचं राज्य आहे. नवा विकास आराखडा करायला ते आणलं आणि तुमच्या जुन्या नकाशांच्या खोलीत थाटामाटात बसवलं. त्याच्यासाठी एसी आला, पडदे आले. इतकी वर्षं आम्ही घामाघूम होत होतो, तेव्हा कुणाला कीव आली नव्हती! शिपाईकाका त्याला जावईबापू म्हणतात. पण जावई कामाचा आहे, हं. नळजोडण्या, बांधकामाचे परवाने, लोकांच्या तक्रारी, सगळं वाचून कुठे काय कमी पडतंय ते नकाशावर रंगवून दाखवतो. आमचा चहा संपायच्या आत. ठरवायचं अर्थात आम्हीच.

पहिल्याच नकाशात त्याने नदीकाठची वस्ती हिरवीगार दाखवली, म्हणजे तिथे सगळं आलबेल. साहेब खूश झाले, मला मात्र ते पटेना. आपल्या कार्यालयाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही आखलेल्या रस्त्याच्या आरक्षणाखाली ही वस्ती येते, आणि तिथल्या घरातून कुठलाही अर्ज आला, की 'जागा रस्त्यासाठी राखीव' असं उत्तर पाठवायचं आणि अर्जावर 'निकाली' लिहून मोकळं व्हायचं. जावईबापूंनी बिचाऱ्यांनी ते खरं धरलं. त्यांच्या लेखी वस्तीतली एकूण एक तक्रार मिटलेली होती.

मग मी स्वतः वस्तीत गेले. कपडे शिवणाऱ्या एक बाई भेटल्या. घराची मागची भिंत ओलीने फुगली आहे, सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी घरात संडास बांधायचा, तर परवानगी नाही. सासरे होते तेव्हापासून हेच उत्तर. त्यांनी मला ओळखलं, बाबा. वडिलांचं बोट धरून आमच्या अंगणातून पावलं मोजत जाणारी ती तूच ना, म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं.

आठवतं? दर रविवारी आपण तुमच्या रस्त्यावरून फिरायला जायचो. रस्ता नव्हताच, फक्त तुमच्या नकाशात होता. इथे दुतर्फा झाडं, इथे बाक, वळणावर कारंजं, असं तुम्ही सांगायचात आणि मला ते सगळं दिसायचं. दोऱ्यांवर वाळणारे लोकांचे कपडे बाजूला सारत आपण चालायचो, त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. घरी जेवणाच्या टेबलावर तुमचा नकाशा पसरलेला असायचा, म्हणून आपण खाली बसून जेवायचो आणि आई कुरकुरायची. तुमच्या हाताची सफाई पुन्हा कुणाच्या नकाशात दिसली नाही. हे लाडाने म्हणत नाही, याच खात्यातली बाई म्हणून म्हणते.

तर, निकाली म्हणजे तक्रार सुटली असं नव्हे, हे आम्ही एआयला समजावलं आणि जुने अर्ज नव्याने वाचायला लावले. नदीकाठ लालभडक झाला. मग तुमचा रस्ता झाला तर काय आणि नाही झाला तर काय, हेही गणित करून घेतलं. उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा करायला लावलं, आणि तरीही भरवसा वाटेना म्हणून हाताने करून पाहिलं. शहर दुसऱ्याच अंगाने वाढलंय, वरच्या बाजूला पूल झालाय. त्या रस्त्याची गरज उरलेली नाही.

सोमवारी सुनावणी आहे. तुमच्या रस्त्याचं आरक्षण उठवायचा प्रस्ताव मी मांडणार आहे. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाची सही घेऊ, तुला अवघड जाईल. मी नाही म्हटलं. यंत्राने सांगितलं म्हणून केलं, असंही मी म्हणणार नाही. त्याने दाखवलं, ठरवलं मी. तुमची रेघ कुणा परक्याने खोडावी, हे मला सहन झालं नसतं, आणि तुम्हाला ते पेपरातून कळावं, हे तर मुळीच नाही. म्हणून हे पत्र. पटत नसेल तर रीतसर हरकत नोंदवा. सगळ्यांच्या हरकतींसारखी तीही नीट वाचेन आणि बहुतेक फेटाळेन. पण या, बाबा. त्या बाई पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्या शेजारची खुर्ची मी तुमच्यासाठी ठेवली आहे.

तुमचीच,
झिपरी