हवा लागलेल्या बाटल्या

६ नोव्हें.
आणखी एक बाटली गुलाबी. हवा शिरली की आतला रंग गुलाबी होतो, म्हणजे आतले आर्किया, खाडीच्या चिखलातले ते सूक्ष्मजीव, संपले. बूच घट्ट, पण वरची पत्र्याची टोपी नवीन. लॅबमध्ये टोप्या लावणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझ्या गाईड, मॅडम. मी लावली नाही.

९ नोव्हें.
मॅडमना सांगितलं. शांत. "खाडीतून पुन्हा चिखल आणू." कुठून? जिथून आणलेला तिथे आता डंपर भराव टाकतायत. दोघी एकत्रच बघून आलेलो. आठवण करून दिली तर म्हणाल्या, "हो, हो, भराव." चेहऱ्यावर काहीच नाही.

१२ नोव्हें.
नितीनचं म्हणणं, "कुणीतरी मुद्दाम करतंय, तुझी पीएचडी लटकवायला." नवऱ्याला काय सांगू, हे जीव वाढायलाच महिने घेतात, मुद्दाम बिघडवत बसायला इतका धीर कुणाला आहे?
मोठ्या मायक्रोस्कोपची तारीख मिळाली, २८. या जीवांचे हातांसारखे लांब फाटे बघायचेत. पेशीचा पडदा वाकवणारं आपल्यातलं प्रथिन, त्याचं भावंड यांच्यात सापडतं. मॅडम वर्षानुवर्षं सांगतायत: अशाच एकाने कधीतरी हात पसरून शेजारचा जिवाणू कवेत घेतला, आणि तिथून झाडं, मासे, आपण.
तोवर दोन बाटल्या टिकायला हव्यात.

१७ नोव्हें.
डबा खाऊन लवकर वर आले. मॅडम टेबलाशी. टोपी काढलेली, बूच हातात.
"ये गं. जरा श्वास घेऊ देत बिचाऱ्यांना."
याच बाईंनी पहिल्या दिवशी मला झापलेलं, हवा म्हणजे यांना विष. त्यांच्या हातातलं बूच घेऊन परत बसवलं.
तासाभराने त्यांनीच विचारलं, "ही कुणी उघडली?"

१८ नोव्हें.
उरली एक. शेजारच्या लॅबच्या कपाटात ठेवली, मॅडमना न सांगता. कसंतरीच वाटतंय.
डोंबिवलीत एकट्या राहतात. घरी काय काय उघडं राहत असेल...

२१ नोव्हें.
निमित्त काढून घरी सोडायला गेले. जिन्यातच वास. "एमआयडीसीचा असतो गं," म्हणाल्या. आत शेगडीचं बटण चालू, ज्योत नाही. दिव्याला हात लावू दिला नाही. आधी सिलिंडर, मग खिडक्या.
मग सगळं सांगितलं. बाटल्यांचंही. पदराचं टोक दुमडत म्हणाल्या,
"वाटलंच होतं. मीच असणार."
आणि मग, "श्रीरंगला इतक्यात कळवू नकोस. अठ्ठावीस होऊ दे." मुलगा पुण्याला असतो.
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये घातला. शेजारच्या काकू डबा देणार आहेत.

२८ नोव्हें.
बाटली अजून स्वच्छ. नमुना सुईने, बुचातून काढायचा.
"मी काढणार."
"मॅडम, मी काढते ना."
"तू बाजूला उभी राहा. चुकले तर हात धर."
सिरिंज दिली. त्यांनी आधी नायट्रोजनने धुवून आतली हवा घालवली, मग सुई तिरकी, सावकाश. एकदाही थांबल्या नाहीत. माझाच हात अधांतरी राहिला. फोटो यायला वेळ आहे.
जिना उतरताना म्हणाल्या, "सगळ्या बाटल्या नीट आहेत ना? आता पुढच्या उघडू."
तेवढ्यात माझा फोन वाजला. श्रीरंग. "ताई, आई फोन उचलत नाहीये. ठीक आहे ना ती?"
मॅडम एक पायरी खाली उभ्या, माझ्याकडे बघत. मान हलवली, नाही म्हणून.
"एक मिनिट हं," म्हटलं मी.