पाण्याचं प्रमाण

२४ नोव्हेंबर १९७७, गुरुवार
सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कालिंदी बाळंत झाली. मुलगी. वजन दोन किलो आठशे. दोघी ठीक. डेअरीत फोन करून रजा सांगितली. दुपारी बर्फी वाटली.
नर्सने विचारलं, बाळाची आजी कुठे आहे? म्हणालो, नाही. ऑगस्टमध्ये गेली. मग बाळंतिणीचं कोण बघणार? म्हणालो, मी. नर्स माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.
कालिंदीच्या सासूबाई, माई, तिला जयसिंगपूरला ठेवून घ्यायला तयार होत्या. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. मी त्यांना ठाम नकार दिला, म्हणजे त्यांच्या पत्राला उत्तर पाठवलं नाही.

२६ नोव्हेंबर
बाळाच्या दुधाचा विषय निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उतरलेलं नाही, उद्यापरवा येईल, आईला धीर द्या. मी तेव्हा व्हरांड्यात होतो. व्हरांड्यातून धीर दिला.
वास्तविक दूध हा माझाच विषय. एकवीस वर्षं डेअरीत दूध तपासतो आहे. लॅक्टोमीटर न लावता, नुसतं बोटावर घेऊन पाणी ओळखतो. पण असल्या गोष्टी मुलीशी कशा बोलायच्या? ही असती तर हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नसता.
या वहीत आपल्या रजिस्टरप्रमाणे लिहीन. म्है.दू., गा.दू. असतं तसं आ.दू. म्हणजे आईचं दूध, पा.दू. म्हणजे पावडरचं. म्हणजे लिहिताना संकोच होणार नाही.
माझं मत: आ.दू. सर्वोत्तम. यावर चर्चा नको.

२८ नोव्हेंबर
आलं.

३ डिसेंबर
दोघी घरी आल्या. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला बायडाबाई येतात. कालिंदीलाही तिच्या जन्माच्या वेळी त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. तोंडाच्या फटकळ.
डिंकाचे लाडू मी स्वतः केले. हिची पद्धत डोक्यात होती. बायडाबाईंनी एक हातात घेतला, उंबऱ्यावर आपटून बघितला आणि म्हणाल्या, अप्पा, ह्ये लाडू हैत की रंकाळ्याच्या पायरीचं दगड? कालिंदी हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. त्या दृष्टीने लाडू यशस्वी.

६ डिसेंबर
दुपट्यांना हिची जुनी सुती लुगडी हवीत असं कालिंदी म्हणाली. ट्रंकेची किल्ली सापडत नाही असं सांगितलं. महाद्वार रोडवरून नवं कापड आणलं. बायडाबाई म्हणाल्या, नवं कापड टोचतंय लेकराला, आजीचंच लुगडं पायजे, एवढं बी कळंना व्हय?

९ डिसेंबर
किल्ली सापडली. खिशातच होती.

१८ डिसेंबर, रविवार
आज सहज हिशेब केला. कालिंदी जयसिंगपूरला शाळेत शिकवते; तिची रजा पंधरा फेब्रुवारीला संपते. त्याआधी जावई न्यायला येतील. त्यानंतर घरात मी.
आणि सहजच दुसरी गोष्ट लक्षात आली. आ.दू. पिणारं मूल आईबरोबर जातं. पा.दू. पिणारं मूल कुठेही राहू शकतं. उदाहरणार्थ, इथे.
योजना. बाळ कोल्हापुरात. माझी ड्यूटी पहाटे पाच ते एक, तेवढा वेळ बायडाबाई. पुढे मी. कालिंदीने शनिवारी शाळा सुटली की गाडी पकडायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. वर्गावर लक्ष लागेल, तब्येत सुधारेल. यात माझा काडीचा स्वार्थ नाही. उलट मलाच त्रास.

२२ डिसेंबर
ट्रेनिंगचं जुनं पुस्तक काढलं. आ.दू.: फॅट साडेतीन ते चार. प्रथिनं म्हशीच्या पावपट. म्हणजे हे दूध कोणी म्हशीचं म्हणून आमच्या डेअरीत आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. गाईचं म्हणून आणलं असतं तर काठावर पास.
गेल्या महिन्यातलं मत बदलावं लागतंय. कारण शास्त्रीय आहे.

२७ डिसेंबर
चार दुकानं फिरल्यावर पा.दू.चा एक डबा मिळाला. डब्यावरचं बाळ इतकं गुटगुटीत की चित्र काढणाऱ्यालाही कौतुक वाटलं असावं. तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवला. संध्याकाळी कालिंदीने तो हातात धरून विचारलं, अप्पा, हे काय? म्हणालो, डेअरीचं सॅम्पल. तिने परत होता तिथे ठेवला.

१ जानेवारी १९७८
नव्या वर्षाचा संकल्प एकच. कालिंदीशी योजनेबद्दल स्पष्ट बोलणे. आज रविवार, घरात माणसांची ये-जा. उद्या.

२ जानेवारी
उद्या.

५ जानेवारी
बोललो! ती आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसली होती, मी बाहेर पेपर वाचत होतो. पेपरमागून म्हणालो, हल्ली पावडरचं दूध चांगलं निघालंय म्हणे. आतून आलं, हो का?
विरोध नाही. योजना तत्त्वतः मान्य.

१० जानेवारी
डब्यातली पावडर पुडीत बांधून डेअरीत नेली. डब्यावरचं प्रमाण: एक औंस पाण्याला एक चमचा. तसं दूध करून फॅट काढली. दोन पॉइंट सहा!
दोनदा काढली. आकारामलाही काढायला लावली. आकाराम माझ्या हाताखाली चौदा वर्षं आहे. तो म्हणाला, साहेब, ह्यो गवळी कोण? धरून आणू का त्येला?
त्याला योजना सांगितली. त्याची सहा मुलं. म्हणाला, साहेब, आमची सहाबी पोरं असल्या भानगडीबिगर वाढली की. त्याला शास्त्र कळत नाही.
पण फॅटचा आकडा डोक्यातून जात नाही. दोन पॉइंट सहाचं दूध मी आजवर कुणाकडून घेतलेलं नाही. लोकांच्या कॅन परत पाठवल्या, शिव्या खाल्ल्या. आणि आता नातीच्या दुधात माझ्याच हाताने एवढं पाणी घालायचं? डब्यांची टंचाई, म्हणून कंपनी पावडर पुरवून वापरायला सांगत असेल. आपण दोन चमचे घालावेत.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत
कालिंदीला एकशे तीन ताप. छातीत गाठ आली आहे, असं बायडाबाईंनी मला अंगणात बोलावून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप उतरेपर्यंत वरचं दूध द्यायला हरकत नाही म्हणाले. दूध काढून टाकत राहा, नाहीतर गाठ वाढेल, असंही म्हणाले. ते बायडाबाईंनी बघावं.
तीन दिवस रजा टाकली. बाटली, रबर वीस मिनिटं उकळलं. कालिंदी तापात म्हणाली, अप्पा, प्रमाण डब्यावर लिहिलंय, बघून घ्या हं. दुधाचं मला सांगते!
पहिली बाटली साडेअकराला. आधी तोंड फिरवलं. मग घेतली. माझ्या मांडीवर. पिताना सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. पापणीसुद्धा हलली नाही.
एकूण चार बाटल्या.

१५ जानेवारी, रविवार
पाच बाटल्या. हात बसला आहे. दूध कसं दाट, बाटलीच्या काचेला धरून राहतं. बायडाबाई म्हणाल्या, अप्पा, बाटली कशापायी? आणि पुढे जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीळगूळ दिला तरी गोड बोलल्या नाहीत.
माईंना पत्र लिहिलं. योजना सविस्तर. तिसऱ्या पानावर अशी ओळ आपोआप आली की बाळाला माझी सवय झाली आहे. राहू दिली.

१६ जानेवारी, सोमवार
सकाळी पत्र पोस्टात टाकलं.
भूक वाढली आहे. बाटली संपली की लगेच रडते. उत्तम लक्षण. रडली की देतो. सकाळपासून चार झाल्या. बायडाबाई म्हणतात, दुपटं कोरडंच हाय दिवसभर. बरंच आहे, धुणं वाचलं.
दुपारी चार. ओठ सुकल्यासारखे दिसतात. रडताना डोळ्यांत पाणी नाही. बाटली दिली. ओकली. पुन्हा केली.
साडेपाच. आता रडत नाही. बायडाबाईंनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, रिक्षा बोलवा. एवढंच. टोमणा नाही.

१७ जानेवारी
दवाखाना. बाळाच्या पायाला सुई. कालिंदी ताप घेऊन बाकावर बसून आहे, घरी जा म्हटलं तरी हलत नाही.
काल डॉक्टरांनी विचारलं होतं, पावडर कशी देत होता? सांगितलं, एका औंसाला एक चमचा. ते लिहून घेत होते. लिहायचं थांबवून पुन्हा विचारलं, नक्की? आजोबा, मला पाणी किती द्यायचं ते ठरवायचंय. कालिंदी समोर होती.
दोन चमचे, म्हणालो.
ते ओरडले नाहीत. म्हणाले, पोर तहानेनं रडत होतं, तुम्हाला भूक वाटली.

१८ जानेवारी
पहाटे लघवी झाली. नर्सने ओलं दुपटं उचलून दाखवलं. हिच्या हिरव्या लुगड्याचं होतं. कालिंदीने बाळाला पदराखाली घेतलं. मी व्हरांड्यात गेलो.
डबा तिने फेकला नाही, मला काही बोललीही नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं. डब्यावरची अक्षरं फार बारीक आहेत.

१९ जानेवारी
दोघी घरी. कालिंदीचा ताप उतरला. दुपारच्या गाडीने माई हजर. हातात माझं पत्र. चपला काढायच्या आधीच सुरू. अप्पासाहेब, तीन पानं लिहिलीत, पण पोरीच्या आईला विचारलंत का? शाळा आमच्या घरासमोर हाय. मधल्या सुट्टीत मी लेकराला घेऊन तिच्याकडं जाईन, हेडमास्तर काय म्हणतोय बघतेच. हिच्या अंगावरचं दूध तोडायचं न्हाय. रविवारी दोघींना नेणार.
मी म्हणालो, मीही हेच सुचवणार होतो.
बायडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, माई, लई बोलू नगा त्येस्नी. बाटलीचं कौतुक न्हवतं वो, पोरगी घरात पायजे हुती.
बायडाबाईंना दुधातलं काही कळत नाही.

२१ जानेवारी
आवराआवर. कालिंदी भांडी पुसता पुसता म्हणाली, अप्पा, तुम्हीच या की जयसिंगपूरला, महिनाभर राहा. म्हणालो, डेअरी आहे. म्हणाली, मग मला सरळ का नाही विचारलंत? पेपरमागून काय बोलता? मी आईला विसरले का, की तुम्हाला विसरेन?
दुधाची वेळ झाली म्हणून ती आत गेली.

२२ जानेवारी, रविवार
स्टेशनवर पोहोचवून आलो. गाडी वेळेवर सुटली. खिडकीपाशी माई बसल्या होत्या, त्यामुळे बाळ नीट दिसलं नाही. न्यायला आलेल्या जावयांनी हात केला, तो दुसऱ्याच कुणाला केला असं समजून मी मागे बघितलं. गाडी पुढे गेली तेव्हा कळलं.
पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी जाऊन यावं. नक्की. तारीख नंतर ठरवू.
घरी आल्यावर सदरा काढला. डाव्या खांद्यावर बाळाने दूध ओकलेलं होतं, वाळून पांढरं झालेलं. बादलीत पाणी घेतलं, साबण लावला. एका पाण्यात निघालं. सदरा पिळून दोरीवर टाकला.