पुढच्या रांगेतली खुर्ची

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. कूलबारी. दुपारी तीन

सहा तास गाडी हाणून पोचलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची रानं, मध्ये सरळसोट रस्ता, आणि सोबतीला माझेच जुने विनोद. गावात एक बेकरी, एक फुटबॉलचं मैदान, धान्याची कोठारं आणि एक पब. आज रात्री पबमध्ये माझा विनोदांचा कार्यक्रम, आणि त्याच्याच माडीवर मला खोली दिलीय. खिडकीबाहेरच्या झाडावर गुलाबी काकाकुव्यांनी असा कालवा केलाय की आजचे प्रेक्षक थंड निघाले तरी हे आहेतच. एकंदरीत मजा आहे.

मालकीण ग्लेनिस साठीची असेल. सगळ्यांना 'बाळा' म्हणते. न विचारता चिकन पार्मीचं, म्हणजे चीज घातलेल्या तळलेल्या चिकनचं, ताट पुढ्यात ठेवलं आणि मी खाताना समोर उभी राहिली. एक गोष्ट तिने दोनदा बजावली. प्रेक्षकांतून कुणी शेरा मारला तर हवं ते सुनाव म्हणाली, पार त्याच्या आजीपर्यंत जा, पण आपली जागा त्याला देऊ करायची नाही, थट्टेतसुद्धा नाही. का, असं विचारलं तर फडक्याने बार पुसत राहिली.

आता काय सांगू, तोच माझा हुकमी डाव! शेरा मारणाऱ्यापुढे सरळ माईक धरायचा आणि म्हणायचं, "ये बाबा, घे माझी जागा." भल्याभल्यांची बोबडी वळते. बारा वर्षांपूर्वी नोलीन या धंद्यात नवी होती, तेव्हा तिला मीच तो शिकवला.

उद्या सुट्टी. माझा पुढचा कार्यक्रम मंगळवारी, पण उद्या दुपारी चारला इथेच नोलीनचा आहे. दौऱ्यात ती कायम माझ्यामागे एक दिवस असते, त्यामुळे आमची चुकामूक ठरलेली. म्हणून यंदा मुद्दाम थांबतोय. तिचे जुळे अडीच वर्षांचे झाले, त्यांचे फोटो बघायचेत. परवा पहाटे निघून जेवायला घरी. परवा ओडी सात वर्षांची होणार. बाबा आल्याशिवाय केक कापणार नाही म्हणालीय.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी साडेआठ

काल रंगला. फक्त पहिल्या रांगेत एकटाच एक माणूस बसला होता, इथल्या चाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात जाड तपकिरी लोकरीचा कोट घालून. दर पाच मिनिटांनी एकच वाक्य, "मी याहून बरं करेन." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा माझी जीभ घसरली. ग्लेनिसचं बोलणं आठवलं ते माईक पुढे केल्यावर.

तो नुसता हसला. ग्लेनिस बारमागून माझ्याकडे बघत होती, ओरडायचं राहून गेल्यासारखी. मग कार्यक्रम पुढे सुरू झाला आणि छान संपला. नंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी नियम मोडला, रागावली असेल. नाश्त्याला खाली जाऊन माफी मागतो.

सकाळी साडेनऊ

ग्लेनिस खाली नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशीचं नेहमीचं काम घेऊन बसलो. आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि कुठे हसले, कुठे नाही, ते वहीत टिपायचं.

"घे माझी जागा" इथपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर चाळीस मिनिटं माझाच आवाज आहे, पण विनोद माझे नाहीत. माझ्याहून चांगले आहेत. लोक नुसते कोसळतायत.

मला ते विनोद आठवतात. पण सांगितल्याचे नाही, ऐकल्याचे आठवतात. स्टेज समोरून दिसत होतं. मी हसत होतो.

सकाळी दहा

घरी फोन केला. ओडी आणि माझा एक खेळ आहे. दौऱ्यावर असलो की रोज सकाळी तिला एक विनोद सांगायचा. तिने हसायचं नाही, तोंड वाकडं करून 'शून्य' म्हणायचं. तीन वर्षांत एकदाही हसली नाही. तिच्या त्या शून्यावर मी जगतो.

रेने, माझी बायको, म्हणाली, परत काय राहिलं, आठला तर बोललास. आठला मी अंघोळीला होतो. म्हणाली, आज ओडी अशी हसली की दूध नाकातून आलं, अजून हसतेच आहे. आणि संध्याकाळपर्यंत पोचतोयस हे कळल्यापासून दारातून हलत नाही.

मी ओरडून सांगू लागलो की तो मी नव्हे. रेने नुसती हॅलो, हॅलो करत राहिली. मग फोन ठेवला.

ओडीने हसायचं नसतं.

सकाळी अकरा

मागच्या अंगणात माझी गाडी नाही. ग्लेनिस एका ट्रकवाल्याला सांगत होती, तो विनोदवाला सकाळी सातलाच गेला, काय गोड माणूस, जाताना दोन्ही गालांचा मुका घेऊन गेला. मी दोघांच्या मध्ये उभा होतो.

ग्लेनिसला सगळं कळतंय. तिने माझ्या बाजूला मान वळवली नाही, पण हातातला ग्लास खाली ठेवला. हळूच म्हणाली, "सांगितलं होतं ना रे बाळा." ट्रकवाल्याने विचारलं, कुणाला म्हणालीस? ती म्हणाली, कुणाला नाही.

दुपारी एक

फोन माझा चेहरा ओळखत नाही. खोलीत बॅग नाही. ही वही आणि पेन तेवढं राहिलं.

पायी निघालो. बेकरी, मैदान, कोठारं, पुढे मोकळा रस्ता. चालतच होतो. पाय दुखले म्हणून टेकलो आणि बघतो तर पबमध्ये, पहिल्या रांगेत. तीनदा गेलो. तिन्ही वेळा—

उकडतंय. हा कोट मी कधी घातला? बटणं निघत नाहीत.

दुपारी तीन

आता उठताही येत नाही.

ग्लेनिस पुढ्यात पाणी ठेवून गेली. पाठ करून म्हणाली, या कोटातला आधीचाही विनोदवालाच होता. सव्वीस वर्षं बसला. नव्या माणसाने जागा देऊ केली की जुना सुटतो. आणि मग बसल्या बसल्या नव्याच्या तोंडात ते वाक्य येतं.

आलंय. सकाळपासून जिभेवर आहे.

तो आता घराजवळ पोचत आला असेल. ओडी दारात बसली असेल. मला घरी जायचंय. मला फक्त घरी जायचंय.

चार वाजून दहा

नोलीन आली. मघाशी ग्लेनिसला विचारत होती, तो थांबणार होता ना, न भेटताच कसा गेला? तिला वाईट वाटलं. ग्लेनिसने तिलाही दोनदा बजावलं. नोलीन हसली.

ती हसणारच. डाव मी शिकवलाय.

चार पंचवीस

जुळ्यांवर बोलतेय. एकाचं नाव मॅग्नस, दुसऱ्याचं— ऐकू आलं नाही. मी लिहीत राहणार. हात चालू असला की तोंड बंद राहतं. नोलीन, माझ्याकडे बघू नकोस. जुळे अडीच वर्षांचे. अडीच.

बोलणार नाही. नाही बोलणार.

साडेचार

तो पोचला असेल. ओडी धावत गेली असेल. रोज हसेल ती आता. रोज—

मला माझं शून्य हवंय

एकच वाक्य. चार शब्द. नोलीन हुशार आहे, ग्लेनिसचं ऐकेल, नाही देणार जागा, मग काय बिघडतं नुसतं म्हटलं तर—

म्हटलं. देवा, मी म्हटलं.

पुन्हा म्हटलं.

तिने ओळखलं नाही मला. कोटाकडे बघून हसतेय. पुढे आली. माईक काढला. नोलीन नको. नको गं. हात पुढे करतेय, म्हणतेय, ये बाबा, घे मा—