मागचं चाक

६ जानेवारी, मंगळवार
हाताची झोळी निघाली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही अजून. वेणी आईंनी घातली. सासूकडून वेणी, या वयात.

सुहास लॅपटॉपवर ट्रेनर बघतोय. घरात सायकल अडकवायची आणि जागच्या जागी मारायची, ते यंत्र. गेल्या वर्षी हेच मी मागत होते. घाटात माझा दम तुटतो. थोडा वेळ जीव तोडून, थोडा वेळ सैल, असे टप्पे मारायला हवेत, आणि जालना रोडवर ट्रक ते करू देत नाहीत. तेव्हा म्हणाला होता, "एवढा रस्ता पडलाय बाहेर, घरात कशाला?"

आता मी न मागता.

करमाडच्या अलीकडे मोटरसायकलवरच्या दोघांनी मागून येऊन माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. हसत गेले. मी सायकलसकट खाली. सुहासने सगळ्यांना सांगितलंय, तोल गेला.

१० जानेवारी, शनिवार
सिडकोतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने सुहासला विचारलं, "मॅडमचं वजन किती?" मी तिथेच उभी. सुहासने सांगितलं, तेही चुकीचं. कमी सांगितलं, म्हणून बोलले नाही.

दोन प्रकार आहेत. एकात मागचं चाक तसंच ठेवून रोलरवर टेकवायचं. दुसऱ्यात मागचं चाक काढायचं आणि सायकल थेट यंत्रालाच जोडायची. दुसरा भारी. मारून बघितला. मोबाइलवर जोर ठरवून द्यायचा, मग पाय मंदावले की यंत्र आणखी जड होतं. पळवाट नाही. टप्प्यांसाठी याहून चांगलं काही नसेल. घामाने निथळले, खांदा ठणकत होता, तरी उतरावंसं वाटेना. वाईट हेच की यंत्र खरंच चांगलं आहे.

दुकानदार म्हणाला, "आणि यावर तोल जायचा प्रश्नच नाही."
सुहास हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं.

१२ जानेवारी, सोमवार
आईंनी लासूर स्टेशनला बहिणीला फोन करून सांगून टाकलं की सूनबाईला घरी ट्रेनर लावतायत. मावशींचा उलटा प्रश्न आला असणार, कारण आई फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात आल्या.
"काय गं, बाई हाय का बुवा?"
"कोण?"
"ट्रेनर."
"मशीन आहे, आई."
"मशीन व्हय. मग चहापाण्याचं बघाया नको." फोनमध्ये: "मशीन हाय गं, बुवा नाय." मग माझ्याकडे बघून, "बरंय. पडलीस तर घरातल्या घरात पडशील."
हसू आलं. खूप दिवसांनी.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळगूळ घ्यायला शेजारणी आल्या. प्रत्येकीचं तेच. "तोल गेला म्हणे?" दोन-तीनदा नुसती मान हलवली. हलवली म्हणजे कबूलच केलं.

संध्याकाळी माझ्यासोबत सायकल मारणारी रेहाना आली. त्या दिवशी ती माझ्या पुढे होती. मागे वळून बघेपर्यंत ते दोघे तिच्याही शेजारून निघून गेले होते. आता पुन्हा जाते ती. भाऊ स्कूटरवर मागे असतो. "अंगरक्षक," म्हणाली. "रस्ताभर जांभया देतो."
ट्रेनर बाल्कनीत लावणार ते सांगितलं. लाडू खाता खाता म्हणाली, "वो लोगां रोड पे, तू बाल्कनी में. अच्छा हिसाब है." मग थोड्या वेळाने, "लेना है तो चाकवाला ले. चाक निकाली तो तू फिर कब्बी निकलती नै. मेरेकू मालूम तू."
राग आला तिचा. खरं बोलली की येतोच.

१६ जानेवारी, शुक्रवार
सुहासला म्हटलं, चाक राहू देणारा घेऊ.
"आवाज होईल, खालच्या मजल्यावरचे ओरडतील. टायर झिजेल. जोराच्या टप्प्यात चाक घसरतं, आकडे चुकीचे येतात. तुलाच टप्पे मारायचेत ना?"
सगळं बरोबर.
"आणि काढलेलं चाक ठेवायचं कुठे?"
"माळ्यावर."
किती पटकन उत्तर आलं. जागा आधीच बघून ठेवलेली.
मग मी म्हणाले, "माझा तोल गेला नव्हता. मला मारलं होतं."
तो हळूच म्हणाला, "आई ऐकतेय."

१९ जानेवारी, सोमवार
खोकं आलं. चाक काढायचं तेच. "तुझ्यासाठी सगळ्यात चांगलं घेतलं," म्हणाला, आणि डोळे खरोखर ओले. त्या दिवशी दवाखान्यात माझे बूट हातात धरून बसला होता, तसाच दिसला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं.

खोकं हॉलमध्ये. आईंनी वर दळणाचा डबा ठेवलाय.

२० जानेवारी, मंगळवार
सुहास ऑफिसला गेल्यावर सायकल खाली नेली. आईंना सांगितलं, साखळी पुसायचीय. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत टोकापर्यंत मारत गेले. हाताने बरं पेललं. वारा लागला तोंडाला. वळणार, तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला.
पाय आपोआप खाली. ब्रेक इतका घट्ट दाबलेला की बोटं सुटेनात. दूधवाला होता. त्याने बघितलंही नाही माझ्याकडे.
घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आले.
म्हणजे सुहासने मला घरात ठेवलंय असं इतके दिवस म्हणत होते, ते अर्धंच खरं.

दुपारी फिटिंगवाल्याचा फोन. "मॅडम, उद्या येतो. मागचं चाक तेवढं काढून ठेवता का? वेळ वाचेल."
म्हटलं, मला काढता येत नाही.
येतं.