शेपटीतलं शिसं

बाबा, माझं सगळं बदललं ते गेल्या रविवारी मैदानावर, तुमचं विमान उतरायला आलेलं असताना, जमिनीपासून जेमतेम दोन पुरुष उंचीवर त्याचा डावा पंख खाली गेला तेव्हा. त्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं होतं, ते मला नंतर कळलं. पण माझ्यापुरतं त्या पंखापर्यंत सगळं ठीक होतं.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही अजून पिपलानीच्या त्याच क्वार्टरमध्ये आहोत. तुमच्या जागी कारखान्यानं आईला ऑफिसात घेतलं, म्हणून घर राहिलं. आणि बैठकीच्या छताला तुम्ही टांगून ठेवलेला तो अर्धवट सांगाडाही राहिला. दिवाणापेक्षा लांब पंख, आत सगळं बाल्साचं हलकं लाकूड, वर प्लास्टिकची पातळ फिल्म चढवायची बाकी. पाहुणे विचारायचे, हे काय? आई म्हणायची, विमान आहे, होतंय. नऊ वर्षं ते होतच होतं. या हिवाळ्यात मी ते खाली काढलं. खरं कारण सांगतो, तुमच्यासाठी नाही काढलं. एक मुलगी आहे, इथल्याच शिवाजीनगरला राहते, मूळची नागपूरची, तिचे वडील सरकारी ऑफिसात आहेत. कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिला दाखवायचं होतं की मी एखादी गोष्ट पूर्ण करू शकतो.

कॉलेज मी पूर्ण केलं नाही, हे तुम्हाला कुठून माहीत असणार. तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. मला उत्तर आलं नाही. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पिताजी क्या करते हैं?" म्हटलं, "नहीं रहे." ते म्हणाले, "तभी." एवढंच. मी त्यांच्या टेबलावरची माझी फाईल उचलली, भिंतीवर भिरकावली आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. ती व्हरांड्यात मागे धावत आली होती. "अरे, माफी माग ना, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणत होती. मी म्हटलं, माफी त्यांनी मागावी. आता ती पास होऊन नोकरी करते आणि मी गोविंदपुऱ्यात एका छोट्या युनिटमध्ये ड्रिल मशीनवर उभा असतो. माफी कोणीच मागितली नाही.

तुमची एक गोष्ट मला सारखी आठवते. स्वयंपाकघरात ओट्यावर आईचा पिठाचा काटा ठेवलाय, आई कणीक मळायला थांबलीये, आणि तुम्ही त्यावर बोटाएवढ्या लाकडाच्या पट्ट्या एकेक करून ठेवताय. जड निघालेली पट्टी बाजूला. "अहो, पोरगा जेवायचाय," आई म्हणते. "हो, एवढी शेपूट होऊ दे," तुम्ही म्हणता. मी शेपटीच्या सांध्याला डिंक लावतोय, मनापासून, भरपूर. तुम्ही माझा हात धरता. "हे काय, श्रीखंड लावतोयस का?" आणि मग ओरडून नाही, पण त्या तुमच्या थंड आवाजात, "शेपटी लांब असते. तिथं एक ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात तीन घालावे लागतात. म्हणजे चार ग्रॅम वाढले, आणि तुला वाटतंय एकच वाढला." ब्लेड घेऊन सगळा डिंक मला खरवडायला लावलात. मी रागानं रडत खरवडला. जेवलोही नाही. तुम्हीही नाही जेवलात, सोबत बसून राहिलात.

आणि इंजिनाची परीक्षा! त्या आधीच्या, लहान विमानाची. मागच्या अंगणातल्या कडुनिंबाला तुम्ही हुकाचा ताणकाटा बांधला होता, रद्दीवाल्याकडे असतो तसा. काट्याला दोरी, दोरीला विमानाची शेपूट. इंजिन सुरू करून पूर्ण जोर द्यायचा आणि काट्यावर वाचायचं, विमान किती किलोनं खेचतंय. धुरळा, पालापाचोळा, शेजारच्या काकूंची वाळत घातलेली चादर उडून आपल्या संडासावर. काकू भिंतीवरून, "अहो भाऊजी, हे विमान आहे का पिठाची गिरणी?" तुम्ही काट्यावरची नजर न काढता, "गिरणीला पंख नसतात, वहिनी." मग मला शिकवलंत. विमान नाक वर करून नुसत्या प्रोपेलरवर हवेत उभं राहायला हवं असेल, तर खेच वजनापेक्षा जास्त हवी. दीडपट झाली की काम झालं. पावणेदोनपट म्हणजे लाड. "आणि दुप्पट?" मी विचारलं होतं. "दुप्पट म्हणजे माज," तुम्ही म्हणालात. "इंजिन मोठं लावणं सोपं आहे रे. विमान हलकं ठेवणं अवघड. आणि जोर कमी करून उतरायला आलास की इंजिन कितीचं आहे ते कोणी विचारत नाही. मग नुसतं वजन उरतं."

हे सगळं मला पाठ होतं. या मोठ्या विमानासाठी तुम्ही निवडलेलं पंचावन्न सीसीचं पेट्रोल इंजिन कपाटात तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं होतं. साफ केलं, चालू झालं, कडुनिंबाला बांधून बघितलं, तर वजनाच्या पावणेदोनपट खेच. तुमचा हिशोब नऊ वर्षांनीही बरोबर. आणि तरी मी मैदानावर विमानं उडवणाऱ्या एका अंकलना तुमचं इंजिन देऊन त्यांचं पंच्याऐंशीचं घेऊन आलो. ते स्वतः म्हणाले, "बेटा, ढाँचा पचपन का है, पचासी का क्या करेगा?" मी म्हटलं, "अंकल, उड़ाना मुझे है." मला ते नुसतं हवेत उभं राहायला नको होतं. उभं राहून तिथून सरळ वर सुटायला हवं होतं, तिच्या तोंडावर हात जाईपर्यंत.

मोठं इंजिन म्हणजे नाक जड. बॅटऱ्या मागे सरकवल्या, पुरलं नाही. मग शेपटीत शिसं भरलं. तुम्ही ब्लेडनं डिंक खरवडायला लावला होतात त्याच शेपटीत, बाबा. एवढं वजन झाल्यावर चाकांचा कणा वाकायला लागला, तो जाड केला. मोठ्या इंजिनाला पेट्रोल जास्त, म्हणून टाकी मोठी. रोज संध्याकाळी कामावरून आलो की काहीतरी वाढत होतं आणि मला वाटत होतं मी पुढे चाललोय. शेवटी कडुनिंबाला बांधलं तेव्हा काटा दुप्पटच्याही पुढे गेला आणि मी अंगणात एकटाच ओरडलो. आई दारात येऊन बघून गेली. पंखांवर आता किती भार पडणार ते मी मोजलंच नाही. पंख तर तुम्ही केले होते तेवढेच होते.

रविवारी ती आली. स्कूटी लावली, तोंडावर बांधलेली ओढणी सोडली आणि म्हणाली, "बाप रे, हे तर खरंच केलंस तू." इंजिन सुरू करताना कोणीतरी मागे बसून शेपूट धरून ठेवावी लागते, नाहीतर विमान सुटतं. तुमच्या वेळी ते काम माझं असायचं. त्या दिवशी ती गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी शेपूट कवटाळली, केस सगळे मागे उडतायत, डोळे गच्च मिटलेले. मी मुद्दाम जरा जास्त वेळ जोर देऊन ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. ती धूळ, तो आवाज, आणि माझी एवढी मोठी गोष्ट तिनं धरून ठेवलीये, हे बघत राहावंसं वाटलं.

उडालं, बाबा. काय उडालं! नाक वर करून आमच्यासमोर हवेत थांबलं, शेपूट गवतावर डोलतेय. ती म्हणाली, "अरे, हे तर थांबलं." मग मी रिमोटवर पूर्ण जोर दिला आणि ते सरळ वर गेलं, ठिपका होईपर्यंत. तिचा हात तोंडावर गेला. मला हवं होतं ते सगळं मिळालं. तीन-चार मिनिटं असेल.

मग उतरवायला आणलं. जोर कमी केला, शेवटचं वळण घेतलं, आणि ते हातात दगडासारखं वाटायला लागलं. जरा हळू झालं तसा डावा पंख खाली गेला. मी आधी काहीच केलं नाही. मग मला येतं तेच केलं, पूर्ण जोर. त्या इंजिनाच्या हिसक्यानं ते डावीकडे आणखी वळलं आणि हरभऱ्याच्या शेतात उलटं शिरलं. आवाज फार मोठा नव्हता. कोणी पोतं टाकल्यासारखा.

ती माझ्याआधी पळत गेली. तुकडे गोळा करत होती, आपल्या ओढणीत. शेपूट उचलली आणि थबकली. "केवढी जड आहे रे. आत काय आहे?" म्हटलं, शिसं. "विमानात शिसं?" मी समजावून सांगितलं, नाक जड झालं म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे तू आधी जड केलंस, आणि मग ते सांभाळायला आणखी जड केलंस?" आणि हसली. मी पण हसलो. मग तिनं सांगितलं. नागपूरला ठरलंय. साखरपुडा या आठवड्यात. म्हटलं, कोणी जबरदस्ती केली? नाव सांग मला. "झालं तुझं सुरू," ती म्हणाली. "कोणी नाही केली. मी हो म्हटलंय, मी." काय करतो तो? "काय करतो ते जाऊ दे ना यार. शांत आहे." मी पुष्कळ ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. माझं संपल्यावर ती तळहात चोळत म्हणाली, "हात दुखतायत माझे." म्हटलं, इंजिन मोठं आहे, खेच जास्त आहे. ती म्हणाली, "हो ना." आणि स्कूटीकडे गेली. ओढणी तुकड्यांसकट तिथंच राहिली.

घरी आणलं तेव्हा आईनं सगळं दिवाणावर मांडलं, एखाद्याला झोपवावं तसं. "उजवा पंख धड आहे," ती म्हणाली. "करशील परत?" म्हटलं, कशासाठी? ती म्हणाली, "त्यांनी कशासाठी केलं होतं?" मला उत्तर आलं नाही. इथे टेबल नव्हतं, फाईल नव्हती, भिरकावायला काही नव्हतं. परत करणार नाही मी ते. अंकलकडून तुमचं इंजिन परत आणणार नाही. तुमचा तो हलका सांगाडा पुन्हा कोणाला करता येणार नाही, मला तर नाहीच, आणि उगाच खोटी आशा तुम्हालाच आवडायची नाही.

एक मात्र आहे, ते आईलाही सांगितलं नाही. तुम्ही मला शिकवायचात तेव्हा दोन रिमोट वायरनं जोडलेले असायचे. तुम्ही तुमच्या रिमोटवरचा खटका दाबून धरलेला असेपर्यंत विमान माझ्या हातात. माझं चुकलं की तुम्ही खटका सोडायचात आणि विमान तुमच्याकडे जायचं. एक शब्द न बोलता. उतरवताना तर दर वेळी. मला अंगठ्यांत कळायचं, आता ते माझं नाही, आता ते नीट उतरणार. रविवारी पंख खाली गेला आणि मी आधी काहीच केलं नाही असं वर लिहिलं ना, तेव्हा मी वाट बघत होतो. तुम्ही खटका सोडाल म्हणून. व्हरांड्यात ती मागून हाका मारत होती तेव्हाही, आणि परवा शेतात ओरडत असतानाही, मी आतून तेवढा थांबलो होतो. कोणीतरी माझ्या हातातून घेईल म्हणून.

आज संध्याकाळी ती सगळी नागपूरला निघतायत. ओढणी मी दोनदा धुतली, पेट्रोलचा वास जात नाही. ती द्यायला शिवाजीनगरला जातोय. त्यानं काही होणार नाही, हे मला माहीत आहे. भांडणार नाही असं आईला कबूल केलंय. तुम्हाला मात्र तसं सांगवत नाही. हा कागद तुमच्या बनियनमध्ये ठेवतो, इंजिन होतं तिथं. दुसरीकडे कुठे टाकणार?

पुढचं दार अजून तसंच आहे, फुगलेलं. तुम्ही ते किंचित वर उचलून, आवाज न करता लावायचात. मला ते कधी जमलं नाही. उठतो. ओढणी घेतली. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. आवाज आला तर समजा, मीच आहे.