झोका आणि हिरवा दिवा

शुक्रवार, २५ एप्रिल

गेलं नेट! आजच जायचं होतं मेलं!

डिंपलची लग्नानंतरची ही पहिली आखाजी. अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी यायलाच हवी. सुट्टी नाही म्हणते. "आई, असोद्याला वायरचं नेट असेल तरच येते, तिथून काम करीन." म्हणून तर कनेक्शन घेतलं. काल कॉम्प्युटर कसा छान चालत होता! आणि ह्यांनी सकाळीच निंबाला झोका बांधलाय. लेकीचा पत्ता नाही, गल्लीतल्या पोरींची चंगळ.

शनिवार, २६

नेटवाल्यांना फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, नेटचा डबा बंद करून चालू करा. केला. वायर काढून परत खोचा. खोचली, टक् आवाज येईपर्यंत. कॉम्प्युटरच्या मागची बघा. तीही बघितली. दिवा हिरवा झाला — आणि परत लाल! माणूस पाठवा म्हटलं, तर जळगावहून आखाजीनंतर येईल म्हणे. मग काय त्याला ओवाळू?

हे म्हणतात, "वायर उंदरानं तर नई कुरतडली?" ह्यांना जिथे तिथे उंदीर! घरातली सगळी वायर बोटांनी चाचपली. धड आहे.

रविवार, २७

भर उन्हात नेट चालतं, ऊन उतरलं की बंद. त्यालाही चहा लागतो की काय!

सोमवार, २८

सापडलं!! खिडकीतून बघत होते. पोरी झोक्यावर — दिवा लाल. पोरी पाणी प्यायला गेल्या — हिरवा! शेजारच्या गच्चीवरून येणारी वायर निंबाच्या फांदीवरून आमच्या खिडकीत येते. ह्यांनी झोक्याचा दोर नेमका तिच्यावरच आवळलेला!

ह्यांना म्हटलं, बसा तुम्ही. हे झोक्यावर, मी डब्यापाशी. "कसं हाये?" — "गेलं!" — "आता?" — "आलं!" हसून हसून पोट दुखलं.

पण दुसरी फांदी वाळकी. झोका सोडावाच लागला. हे दोर गुंडाळत होते तेव्हा फार वाईट वाटलं. झोक्याविना कसली आखाजी! पण लेक तर येईल.

डिंपलला फोन केला — झालं दुरुस्त, ये! नुसतं म्हणाली, "बरं. येते." एवढी धडपड केली, जरा खूश तरी व्हायचं होतं.

बुधवार, ३०. आखाजी

डिंपल आली. चहा झाल्यावर वायर तिच्या हातात दिली — घे, लाव. वायर धरून रडायलाच लागली. नोकरी फेब्रुवारीतच गेली! "आई, वाटलं गावात नेट काही चालायचं नाही, म्हणून ती अट घातली. तुझ्यासमोर आले असते तर लपवता आलं नसतं गं."

माझी वेडी पोर. जवळ घेतलं.

हे दाराशी उभे होते. कोपऱ्यातला दोर उचलला आणि निंबाकडे गेले.

आत्ता हे लिहितेय तर डब्यावर लाल दिवा. राहू दे लाल. डिंपल झोक्यावर आहे.